पालथी वाटी

४ ऑगस्ट

धाकटे,

वर 'प्रिय' लिहिलं नाही म्हणून लगेच फुगू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच ठेवतेस, मग माझ्यापाशी उरलं काय? कागद. कागद निदान फाडायला तरी हातात घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात चार ओळी डोळ्यांखालून जातात.

कामाचं लिहिते. तू गेल्यानंतर आपल्याकडे एक नवा दुकानदार आलाय. त्याचं दुकान समोरून अख्खं काचेचं, आत दिवसभर दिवे लखलखत असतात, म्हणून आम्ही त्याला काचवालाच म्हणतो. आपलं जवसाचं तेल त्याने दर्शनी भागात मांडलं होतं, पारदर्शक बाटल्यांत. तो हिरवट सोनेरी रंग बघायला लोक म्हणे रस्त्यात थांबायचे. काल त्याने एक खोकं परत पाठवलं. वास येतो म्हणाला. मी एक झाकण उघडून नाक लावलं. खवट. नुकतंच रंगकाम झालेल्या खोलीत येतो तसला वास.

मग आप्पांनी त्यातलं तेल वाटीत घेतलं. तुला आठवतं ना, लहानपणी आपण 'आप्पा-आप्पा' खेळायचो? वाटीत पाणी घ्यायचं, तळहातात धरून ऊब द्यायची, डोळे मिटायचे, नाक खुपसायचं आणि सगळ्यांना ताटकळत ठेवायचं. वाटी सरळ ठेवली की घाणा पास, बाटल्या भरा. पालथी घातली की अख्खा घाणा साबणवाल्याकडे. मी पालथी घातली की तू भोकाड पसरायचीस. तर काल आप्पांनी सगळं तसंच केलं आणि वाटी सरळ ठेवली. "तेल उत्तम आहे," म्हणाले, "त्याच्या दुकानालाच वास येत असेल." झालं! आप्पांनी वाटी खाली ठेवली की दुसऱ्या कुणी नाक लावायचं नाही, हा आपल्या घरचा कायदा. मी आधीच लावलं होतं, हे मात्र मी बोलले नाही.

आता पुढचं ऐक. या काचवाल्याच्या आणखी शाखा आहेत, सगळ्या तसल्याच लखलखीत. एक ऑक्टोबरला त्या सगळ्यांमध्ये आपलं तेल मांडायचं ठरलंय. परत आलेल्या खोक्याबद्दल आप्पांनी त्याला फोनवर असं काही बोलून गुंडाळलं की तोच माफी मागत होता. आप्पा हरखलेत. नवा शर्ट शिवायला टाकलाय.

आडवळणाने कशाला सांगू? मला वाटतं आप्पांचं नाक गेलंय. तुझ्या भावोजींनाही मी हे अजून सांगितलेलं नाही. खवट तेल लोकांच्या ताटात जाईल याची भीती वाटतेच, पण ते आपल्या हातून गेलं हे आप्पांना चारचौघांत कळेल याची त्याहून जास्त वाटते. ते सहन करायचे नाहीत गं.

तू गेल्या थंडीत घातले होतेस ते थेंब अजून खणात आहेत. रोझमेरीचा अर्क आणि व्हिटॅमिन ई, असं काहीतरी लेबल आहे. तेल खवट होऊ देत नाहीत म्हणाली होतीस. त्या घाण्याचं पुढे काय झालं ते मलाही माहीत आहे. आप्पा सगळ्यांसमोर गरजले, "तेलाचा वासच मारून टाकलास, मेलंय हे तेल!" आणि वाटी पालथी. तो विषय मला उकरायचा नाही. थेंब घालू की नको, एवढंच कळव.

ताई

जेवतेस ना वेळेवर?

१७ ऑगस्ट

धाकटे,

उत्तर नाही. बरं. तुझ्यात हा ताठा कुणाकडून आलाय ते मला ठाऊक आहे, ते गृहस्थ आत्ता माझ्यासमोर बसून पेपर वाचतायत.

परवाची गोष्ट. मी मागे कपडे वाळत घालत होते. आत आले तर स्वयंपाकघरात धूर. दूध उतू जाऊन, आटून, करपून पातेल्याच्या बुडाचा कोळसा झालेला, आणि आप्पा तिथेच टेबलाशी शब्दकोडं सोडवतायत! मी "आप्पा!" म्हणून किंचाळले तेव्हा त्यांनी मान वर केली. "अरेच्चा, जरा डुलकी लागली वाटतं." डुलकी म्हणे! पेन हातात होतं आणि आडवा शब्द अर्धा लिहून झाला होता. मी खिडक्या उघडल्या आणि पातेलं घासायला घेतलं. घासता घासता डोक्यात एकच, आज दूध होतं, उद्या गॅस असेल. आता ते घरी एकटे असले की माझं कामात लक्ष लागत नाही. सारखा फोन करते. ते वैतागून म्हणतात, "जिवंत आहे, ठेव."

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, लपवलं होतं. हे काही काचवाल्याच्या खोक्यापासून सुरू झालेलं नाही. उन्हाळ्यापासूनच मला संशय होता. आप्पा वाटी ठेवून जेवायला गेले की मी गुपचूप मागे जाते आणि त्याच तेलाचा वास घेते. कायदा मोडते, हो. दोन घाणे बिघडलेले निघाले. ते मी साबणवाल्याला देऊन टाकले आणि आप्पांना पत्ता लागू न देता नवे काढले. कुणाला सांगू? झाकणवालीला? (ही नवी बाई, बाटल्यांना झाकणं लावते. स्वतःच्या तोंडाला मात्र लावत नाही.) म्हणून सगळं एकटीनेच चाललंय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ आवळून आवळून माझी बोटं दुखायला लागली.

आणि एक विचित्र गोष्ट. तू गेल्यापासून आप्पांनी एकदाही वाटी पालथी घातलेली नाही. पूर्वी अधूनमधून एखादा घाणा जायचाच की, त्या दिवशी सगळ्यांची तोंडं उतरायची. आता प्रत्येक घाणा पास. कामगार खूश आहेत. मला मात्र वाटी सरळ दिसली की धडकी भरते.

तुझी वाट बघून शेवटी मीच थेंब घातले. तू घालायचीस त्याच्या चौपट. म्हटलं, चांगली गोष्ट जास्त घातली तर जास्तच चांगलं होईल. त्यातली एक बाटली खिडकीत ठेवून बघितली. गेली! मला तर वाटतं नेहमीपेक्षा लवकरच गेली. मग तुझ्या थेंबांचा उपयोग काय? की आप्पा तेव्हा म्हणाले तेच खरं? तेल मारतात का ते?

ए, बोल ना गं.

ताई

३१ ऑगस्ट

धाकटे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्याला पाणी विचारलं. मग कार्ड वाचलं. 'थेंब वाढवू नकोस. जास्त झाले की तेच तेलाच्या मुळावर येतात.' त्याखाली थेंब पारखून बघायचं सामान आणि कृती. त्याखाली काही नाही. अगं, दात काढणारा डॉक्टरसुद्धा आधी कशा आहात विचारतो!

अति तिथे माती हे मला लहानपणापासून पाठ आहे, ते तेलाच्या थेंबांनाही लागू असेल हे कुठे माहीत होतं? पुन्हा नाही घालणार. तू सांगितलंस तेवढेच.

तर तुझ्या आज्ञेप्रमाणे ताज्या घाण्यातल्या बाटल्या भरल्या. एक साधी आणि एक थेंबांची, अशी जोडी वाळवणीच्या कपाटात ठेवली. जवस वाळवतो तेच कपाट, आत ऊब भरपूर, उजेड शून्य. तशीच दुसरी जोडी माझ्या खोलीच्या खिडकीत, उन्हात. शिवाय खिडकीतच आणखी एक थेंबांची, काळ्या कागदात गुंडाळून. रोज रोज उघडून हुंगायचं नाही असं तू लिहिलं आहेस. तुला काय जातंय लिहायला! मी दिवसातून दहा वेळा खिडकीशी जाते आणि हात मागे बांधून परत येते.

आप्पा परवा खोलीत आले होते. "हे काय मांडलंयस?" मी म्हटलं, "केसांसाठी आहे." ते त्या काळ्या कागदाकडे बघत राहिले. "केसांना उजेड चालत नाही का?" म्हणाले आणि गेले. त्यांना काही समजलंय का, काय माहीत.

तिकडे मालाची जमवाजमव सुरू झालीय. गोदाम भरलं म्हणून आप्पांनी तेल पारदर्शक कॅनमध्ये भरून ओटीवर रांगेने उभं केलंय. येणारा जाणारा बघतो. दुपारभर ऊन येतं तिथे. मी म्हटलं, "आत अंधारात ठेवू या का?" तर म्हणाले, "चोरीचा माल आहे का?" आता सांग, मी काय करू? खरं बोलले तर त्यांचं मन मोडतं, गप्प बसले तर तेल जातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तू हे सगळं बाहेरून सांगतेस आणि मी इथे आत आहे. राग आलाय म्हणून लिहितेय असं नाही. हो, राग आलाय.

ताई

२० सप्टेंबर

धाकटे,

आज मी तुला ओरडणार नाहीये.

आधी बाटल्यांचं. काल सगळ्या उघडल्या. कपाटातली साधी, म्हणजे बिनथेंबाची, पार गेलेली. कपाटातलीच थेंबांची मात्र चांगली. इतक्या उबेत राहून चांगली! मी टाळीच वाजवली. मग खिडकीतल्या. साधी गेलेली, आणि थेंबांचीही गेलेली. जवळजवळ सारख्याच खवट. पण काळ्या कागदातली, त्याच खिडकीतली, त्याच उन्हातली, तेच थेंब घातलेली, ती चांगली. मी तीनदा नाक लावलं. मग तुझ्या भावोजींना बोलावलं आणि डोळे मिटून हुंगायला लावलं. त्यांनीही तीच सांगितली. म्हणजे आता हे सगळं त्यांनाही माहीत आहे. माझ्याच्याने एकटीने पेलवेना.

या वेळच्या तुझ्या पत्रात तू जे समजावलंस ते मी त्यांना माझ्या भाषेत सांगितलं. उबेत तेल बिघडतं ते अफवा पसरते तसं, एक कण दुसऱ्याला चिथावतो, दुसरा तिसऱ्याला. थेंब मध्ये उभे राहून ती साखळी तोडतात आणि त्यात स्वतः खर्ची पडतात. सगळे खर्ची पडले की तेलाला कुणी वाली नाही. उजेडाची तऱ्हा वेगळी. तेलातला तो हिरवा रंगच, जो बघायला लोक थांबतात, तोच उजेड पितो आणि हवेतल्या ऑक्सिजनला भडकवतो, आणि तो साखळीबिखळीची वाट न बघता थेट तेलावर तुटून पडतो. तिथे या थेंबांचं फारसं चालत नाही. तिथे गाजरातल्या पिवळ्या रंगासारखा दुसरा राखणदार लागतो, पण तो उबेत आधी स्वतःच मान टाकतो. त्यापेक्षा गडद बाटली बरी. हे म्हणाले, "म्हणजे दारावर पहारेकरी ठेवला आणि चोर छपरातून आला." बरोबर ना? मलाही अभिमान वाटला त्यांचा, असं क्वचित होतं.

आता जे लिहायचंय ते लिहिते. तू लिहिलं होतंस की ताज्या वासाशी ताडून बघायला राखीव फ्रिजमधली एखादी बाटली घे. प्रत्येक घाण्याची एक बाटली काढल्या दिवशीच, आप्पांच्या वाटीच्याही आधी, त्या फ्रिजमध्ये जाते हे मी विसरूनच गेले होते. हात घातला तर मागे, अगदी बर्फाशी चिकटलेली, तुझ्या अक्षरातली बाटली निघाली. गेल्या थंडीतली. त्या घाण्यातली. काठोकाठ भरलेली.

मी ती उघडली. आणि धाकटे, काय वास होता! ताज्या दाण्याचा, गवताचा, आपण लहानपणी ओंजळीत जवस घेऊन हुंगायचो तसाच. बाटली इतके महिने पडून होती आणि वास जसाच्या तसा. मेलेलं तेल म्हणे!

मी तिथेच फ्रिजचं दार उघडं टाकून खाली बसले. वाटीतलं तेल आणि हे तेल एकच. म्हणजे त्या दिवशी तेलाला वास होता आणि आप्पांना तो आला नाही. त्यांना वाटलं थेंबांनी मारला. आणि तू शेजारी उभी होतीस. तुझं नाक तर त्यांच्याइतकंच तिखट. तुला तिथल्या तिथे कळलं असणार, मेलंय ते तेल नव्हे, त्यांचं नाक.

तू, जी मास्तरांनाही उलट बोलायचीस, जी शेवटचा शब्द कुणाला घेऊ द्यायची नाहीस, ती सगळ्या कामगारांसमोर मान खाली घालून म्हणालीस, "चुकलं माझं, आप्पा." आणि मला तेव्हा वाटलं, चला, उशिरा का होईना, हिला अक्कल आली! दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस तेव्हा मी म्हटलं होतं, एवढ्याशा बोलण्याने नाकाला मिरच्या झोंबल्या.

का नाही बोललीस मला? मला एकटीला तरी? मला रडू येतंय आणि आप्पा बाहेर बसलेत, म्हणून तोंडावर पाणी मारून येते.

ताई

२४ सप्टेंबर

धाकटे,

मी वाटी पालथी घातली.

नीट सांगते, घाईचं अक्षर आहे, लावून घे. आज ओटीवरच्या कॅनमधलं तेल बाटल्यांत भरायचं होतं. सगळे जमलेले. यंत्र बंद, झाकणवाली झाकणांचं टोपलं मांडीवर घेऊन बसलेली. मी सकाळीच एका कॅनला नाक लावून आले होते. गेलं होतं तेल. सगळंच गेलं होतं, उन्हात उभं राहून राहून. या वेळी आप्पा जेवायला जाण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता, कारण आप्पा स्वतः उभे राहून भरून घेणार होते. नवा शर्ट घातला होता.

त्यांनी वाटी घेतली. तळहातात धरली. डोळे मिटले. केवढा वेळ लावला आज! आणि वाटी सरळ ठेवली. "भरा."

मी पुढे झाले, वाटी उचलली, सगळ्यांदेखत वास घेतला आणि पालथी घातली. तेल टेबलावरून ओघळून त्यांच्या चपलेवर गेलं. झाकणवालीच्या मांडीवरचं टोपलं सटकलं आणि झाकणं खोलीभर घरंगळली. एकही उचलायला कुणी वाकलं नाही. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, संपलं, आता हे कोसळतील. मग ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. लावलं नाही, लोटलं.

मी बाहेर उभी राहिले. आत जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत. शेवटी गेले. ते खुर्चीत बसले होते, चपलेवरचं तेल फडक्याने पुसत.

"खवट होतं?"

"हो."

"फार?"

"हो आप्पा."

"सगळे कॅन?"

"सगळे."

त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं, तू आज ना उद्या पालथी घालशील. रोज माझ्या मागे जाऊन हुंगतेस, मला काय दिसत नाही? नाक गेलंय माझं, डोळे नाही गेले."

मी गारच पडले. मग इतकी संतापले की काय सांगू! म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं? आणि मी इकडे जिवाला घोर लावून, चोरासारखी मागच्या दाराने साबणवाल्याला बोलावतेय! बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हिशेब तुझा नवरा बघतो. यंत्र कुणीही चालवतं. या जागेत माझं म्हणून दुसरं आहे काय? एक नाक होतं." आणि मग खालच्या आवाजात, "तू मागे आहेस म्हणून मी सरळ ठेवत गेलो. चुकून चांगलं तेल पालथं घालण्यापेक्षा ते बरं."

'चांगलं तेल पालथं' म्हणताना त्यांचा आवाज बदलला. मी ओळखलं. मग त्यांनीच खिडकीबाहेर बघत विचारलं, "तिच्या त्या घाण्याला वास होता का गं?"

मी म्हटलं, "तुम्हाला कधी शंका आली?"

"तिच्या पुढचाच घाणा. त्यात थेंब नव्हते. त्यालाही वास नव्हता. तोपर्यंत ती गेली होती. आणि तिचा घाणा साबणवाल्याकडे. आता विचारू कुणाला? चांगला होता की वाईट, मला ठाऊकच नाही. रोज वाटतं, निदान खरंच बिघडलेला असू दे."

धाकटे, हा माणूस तेव्हापासून हे मनात घेऊन शब्दकोडी सोडवत बसलाय. आणि मला वाटायचं काळजी काय ती मीच करते.

मी उठले, राखीव फ्रिजमधून तुझी बाटली आणली आणि वाटी धुऊन, पुसून तिच्यात थोडं तेल ओतलं. आप्पांनी तुझं अक्षर ओळखलं. सवयीने वाटी तळहातात धरली, डोळे मिटले, नाकापाशी नेली. बराच वेळ तशीच धरून होते. मग डोळे न उघडताच विचारलं, "कसं आहे?"

"चांगलं आहे, आप्पा. अगदी ताजं आहे."

"तिला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"तरी चुकलं म्हणाली?"

मला 'हो' म्हणता आलं नाही, मी मान हलवली. पण त्यांचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून मला पुन्हा तोंडाने म्हणावं लागलं. त्यांनी वाटीतलं तेल पिऊन टाकलं, सगळं, आणि वाटी धोतराला पुसायला लागले. वाटी केव्हाच कोरडी झाली होती तरी पुसत होते.

पुढे काय होणार मला समजत नाही. माल मांडायला जेमतेम आठवडा राहिलाय आणि ओटीवरचं सगळं तेल वाया गेलंय.

ताई

२७ सप्टेंबर

धाकटे,

घाईत लिहितेय, पार्सलबरोबर हे जायचंय.

काल आप्पा स्वतः काचवाल्याकडे गेले. मला बरोबर घेतलं, पिशवीत माझ्या खिडकीतल्या दोन बाटल्या घेतल्या, एक बिनकागदाची आणि एक काळ्या कागदातली. रस्ताभर माझी धाकधूक, आता हे काय बोलणार आणि तो काय ऐकवणार. काचवाला म्हणाला, "गडद बाटली नको हो, औषधाचं दुकान वाटेल." आप्पांनी दोन्ही झाकणं काढली. "तुम्हीच वास घ्या. मला येत नाही." इतकं सरळ म्हणाले, पत्ता सांगावा तसं. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मी जमिनीकडे बघत होते. काचवाल्याने एकीला नाक लावलं, दुसरीला लावलं, पुन्हा पहिलीला लावलं आणि तोंड वाकडं केलं. गडद बाटल्यांना कबूल झाला. बाहेर आल्यावर आप्पा मला म्हणाले, "आता ते केसांचं तेल फेकून दे."

नवा घाणा काढलाय. थेंब तुझ्या मापाने घातलेत, आप्पांनी उभं राहून मोजून घेतले. पिंप आत, अंधारात, झाकून ठेवलंय. बाटल्या आल्यात, झाकणवाली तयार आहे. पण भरायचं थांबलंय, कारण वाटीशिवाय भरायचं नाही असा आप्पांचा हुकूम, आणि वाटी त्यांनी तुला पाठवायला काढलीय. मी म्हटलं, "अहो, एक तारखेला माल दुकानात हवाय!" तर म्हणाले, "मग तिला लवकर निघायला सांग." तेव्हा बघ बाई. तू आली नाहीस तर इकडे सगळं ठप्प. हे मी धमकी म्हणून लिहितेय.

पार्सल त्यांनी स्वतःच बांधलं, मला हात लावू दिला नाही. तुझ्या बाटलीत उरलेलं तेल आहे, काळ्या कागदात गुंडाळलेलं. ते आल्या आल्या हुंग. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे म्हणे, तरी त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. वाटी मात्र काही केल्या खोक्यात बसेना. मी म्हटलं, "पालथी ठेवा ना आप्पा, बाटलीच्या शेजारी नीट मावेल." असं बघितलं माझ्याकडे! मग मोठं खोकं शोधून आणलं, वाटीच्या चारी बाजूंनी कागदाचे बोळे कोंबले, हलवून बघितलं, पुन्हा उघडलं, पुन्हा कोंबले.

"सरळच गेली पाहिजे," म्हणाले. "त्या दिवशी सरळच ठेवायची होती."

खोक्यावर सगळ्या बाजूंनी त्यांनी 'ही बाजू वर' असं लिहून ठेवलंय, त्यामुळे पोस्टातला माणूस गोंधळणार. तू उघडताना सांभाळून उघड.

ताई